समुद्रातली सावड

अंदमानच्या बेटावर युवक शिबिर न्यायचं ठरलं आणि कार्यक्रम आखायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शहापूर आणि मुरबाड, दोन्ही तालुक्यांतली कॉलेजची पोरं-पोरी. शंभराच्या वर. सगळी एकदम समुद्रात उतरली तर पाणी चढून तिकडे मद्रास बुडेल, असं मी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं. म्हणून गट पाडले. एक गट तोंडाला नळी लावून प्रवाळावर तरंगणार, एक खाडीच्या झाडीतून होडीने फिरणार, एक वाळूत तिथल्या पोरांशी कबड्डी खेळणार.

"पाऊस आला तर?" माझ्यासोबत येणाऱ्या बाईंनी विचारलं. त्या भूगोल शिकवतात आणि दर वाक्याला माझ्या धोतराला हात घालतात. मी पँट घालतो ही वेगळी गोष्ट.

"पावसाला मी ओळखतो," मी म्हटलं.

"तो ओळखतो का तुम्हाला?"

तरी त्यांचं डोकं कामाचं. डोळखांबकडच्या पाड्यांवरची पोरं पाण्यात उतरताना चप्पल काठावर काढून ठेवणार, देवळात शिरल्यासारखी. प्रवाळ पाय फाडतं. तेव्हा प्रत्येकाला पाण्यातले बूट, हे त्यांनी लावून धरलं. मला सुचलं नव्हतं. मला सुचली ती सावड.

पालकांची बैठक होती मुरबाडला. आईबाप दाराशीच दाटीने बसलेले. समुद्र म्हणजे त्यांच्या दृष्टीने धरणाचा थोरला भाऊ, आणि धरणानेच त्यांचं काय भलं केलंय? त्यांना धीर यावा म्हणून मी छाती काढून म्हणालो, "लावणीला आपण सावड करतो ना? आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. तशीच समुद्रातली सावड. एकेका पोराला एकेक जोडीदार. एकाने दुसऱ्याचा जीव सांभाळायचा."

माना हलल्या. मी खूश. बोलणं इतकं रंगलं की धरणात बुडणारी म्हैस मी दातांत कासरा धरून काठाला ओढून आणली होती, तीही गोष्ट सांगून टाकली. बाई मागून पुटपुटल्या, "म्हशीचं म्हणणं काय ते एकदा ऐकायला पायजे."

आता खरं सांगायचं तर मला पोहता येत नाही. खेळ शिकवतो, धावतो, उड्या मारतो, पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझे पाय मला ओळखत नाहीत.

बैठक उठली तसा डोळखांबकडचा एक बाप पुढे आला. त्याचा धाकटा भाऊ धरणाच्या पाण्यात गेलेला. तेव्हापासून त्याने घरातल्या कुणाला पाण्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. त्याची मुलगी शिबिरात निवडली गेली होती. तिच्या पाड्यावरून बेट बघायला जाणारी ती पहिलीच.

"मास्तर, माझ्या पोरीची सावड कोन?"

"आहे ना, तिची मैत्रीण."

"पोराला पोर? नाय. सावडीला कोन मजूर धाडतो का? ज्यानं बोलावलं त्यानंच हात लावायचा. तुमी नेताव, तर तुमीच पाण्यात तिच्यासंगं. नायतर ती नाय येनार."

मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी म्हटलं, "मीच."

"मग येकदा डोल्यानं बघू द्या."

झालं! ठरलं सापगावच्या नदीवर. आदल्या दिवशी मी ताप आणायचा प्रयत्न केला, कांदा काखेत धरला, पण तापालाही माझी लाज वाटली असावी. नदीवर तो बाप दगडावर उकिडवा बसला. बाई छत्री घेऊन आल्या होत्या. मी मुलीचा हात धरला आणि गर्जना करत पाण्यात शिरलो. कमरेपर्यंत राजा होतो. पुढच्या पावलाला तळ संपला.

खाली गेलो तेव्हा सगळं हिरवं दिसलं आणि पूर्वज स्वागताला आलेले दिसले. तेवढ्यात माझ्या पँटच्या पट्ट्याला कुणीतरी गच्च धरलं आणि मला वर ढकललं. ती पोरगी! एक हात माझ्या हातात, काठावरून दिसेल असा. दुसरा पाण्याखाली माझ्या पट्ट्याला. पाय असे मारत होती की जणू नदीतच जन्मली.

"वरडू नका सर, तोंडात पानी जातं," ती कानाशी म्हणाली. "आन बाबाला सांगू नका. मला येतं ते त्याला नाय म्हाईत."

मामाच्या गावी चोरून शिकली होती. आम्ही मोठा फेरा मारून काठाला लागलो; माझं बुडणं काठावरून मुद्दाम मारलेल्या बुडीसारखं दिसलं असावं. तिचा बाप उठून उभा होता. डोळे भरलेले. "आता मला घोर नाय," तो म्हणाला आणि मी निथळत असतानाच त्याने मला मिठी मारली. त्या मिठीत मी नदीपेक्षा जास्त गुदमरलो.

त्या दिवसापासून माझं जेवण उडालं. कार्यक्रम पुन्हा आखला. सगळ्यांना लाइफ जॅकेट. चार पोरांमागे तिथला एक पोहणारा. बाईंनी कारण विचारलं, मी सांगितलं. त्या पहिल्यांदाच टोमणा विसरल्या.

"त्याला खरं सांगा."

"सांगितलं तर तो तिला पाठवणार नाही. वर ती चोरून शिकली तेही फुटेल."

"आणि न सांगता तिला काही झालं तर?"

मी लाइफ जॅकेटांची यादी पुन्हा तपासायला घेतली.

बेटावर पोचलो. पाणी इतकं निळं की शाई सांडल्यासारखं वाटावं. तिचा गट उतरला. मी जॅकेट घालून तिचा हात धरून आत गेलो. जॅकेट मला वर ओढत होतं, पाय वाळूत रुतवून मी खाली. प्रवाळ पुढे होतं, खोलात. तिथला पोहणारा तिला खुणावत होता. तिने माझ्या हाताकडे बघितलं.

"सर, सोडा ना."

तिच्या बापाची ओली मिठी माझ्या गळ्याभोवतीच होती. पण एवढ्या लांब येऊन ती माझ्यासंगं वाळू बघत उभी राहणार होती का? मी हात सोडला. ती नळी तोंडात धरून गेली, आणि मी लाटांवर हलणाऱ्या डोक्यांत तिचं डोकं शोधत राहिलो. एकदा सापडेना.

काठावरून बाई ओरडल्या. त्यांच्या हातात फोन होता. "तिचे बाबा! विचारतात, मास्तर कुठे आहेत?"

"पाण्यात!" मी ओरडलो. "सांगा, पाण्यात आहे!"

बाईंनी तेवढंच सांगितलं. 'पोरीसंगंच ना?' असं पुढचं त्याने विचारलं असेल, कारण त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, फोन कानाला तसाच. मी आणखी दोन पावलं आत सरकलो. पाणी हनुवटीला लागलं. इथवर आपल्या पायांनी मी कधीच आलो नव्हतो, म्हशीसाठीसुद्धा नाही.

पलीकडे ती वर आली. नळी काढून हसत ओरडली, "सर, मासे! जांभले मासे! अजून एकदा जाऊ?"

लाट ओठांवर होती, तोंड उघडायची सोय नव्हती. मी मान हलवली, आणि तिचं डोकं पुन्हा दिसेनासं झालं तिथे डोळे लावून उभा राहिलो.