जांभळाची राख

भट्टीतून काढलेल्या वाटीत चिमूटभर करडी राख उरली होती, आमच्या विहिरीकाठच्या जांभळाची. गावाबाहेर जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायला लागल्यापासून मला विहिरीच्या पाण्याची धास्ती होती, म्हणून तेच पाणी शोषणाऱ्या खोडाचा भुगा मी आमच्याच प्रयोगशाळेत आणला होता. राखेत शिसं जेमतेम निघालं.

"भट्टीत थोडं उडून जातं, सर," शेजारच्या टेबलावरून देसाईबाई हलकेच म्हणाल्या. "ॲसिडमध्ये विरघळवलं की सगळं सापडतं."

हे मला ठाऊक होतं. माणूस भ्याला की कमी दाखवणारी पद्धत आधी निवडतो.

त्यांच्या काचेच्या नळीत तोच भुगा विरघळून नितळ झाला होता. आमच्या विहिरीचं पाणीही असंच नितळ दिसतं. आकडा यायला अजून तासभर होता. मी घरी फोन लावला, तर मुलगी म्हणाली, "बाबा, जरा थांबा, पाणी पिऊन येते."