मांजराचो किडो

आमच्या शेजारच्या काकांनी बोरीवलीतल्या जितक्या पोरांचे घसे आतून पाहिलेत, तितके एखाद्या डॉक्टरनंही पाहिले नसतील. डॉक्टर नव्हतेच ते. ऑपरेशन करून काढलेले टॉन्सिल हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तपासायचे. पण खिशात टॉर्च कायम, आणि लिफ्टमध्ये पोर दिसलं की फर्मान, "आ कर गो!" मांजरांच्या घाणीतून येणारा एक परजीवी पोरांच्या टॉन्सिलमध्ये दडून बसतो, हे त्यांनी एकदा लॅबमध्ये पाहिलं आणि तेव्हापासून अख्ख्या सोसायटीची झोप उडवली. कोथिंबीर तीनदा धुवा, मटण नीट शिजवा, मातीतून आलात तर साबण लावा. सत्यनारायणाच्या प्रसादाला पोरांनी हात पुढे केले, तर काकांनी आधी सगळ्यांची नखं पाहिली. भटजींचीसुद्धा! "काका, वाट लावलीत हो पूजेची," मी म्हणाले. तर म्हणतात कसे, "किडो देवाक घाबरता काय गो?"

मग माझ्या सईचे टॉन्सिल सुजले आणि मानेला गाठ आली. नऊ वर्षांची पोर. महिना झाला तरी गाठ उतरेना. डॉक्टरांनी टॉन्सिल काढले आणि गाठीच्या तुकड्यासकट तपासायला काकांच्याच लॅबमध्ये पाठवले. त्या संध्याकाळी काका लिफ्टमध्ये भेटले. सईनं सवयीनं आ केलं. काकांनी टॉर्च काढलाच नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाले, "झकास आसा गो चेडू." सगळ्यांना घाबरवणारा हा माणूस चक्क धीर देतोय? "काका, खरं सांगा ना!" तर मान खाली घालून निघून गेले. पुढचे चार दिवस आम्ही रिपोर्टची वाट पाहत होतो. कॅन्सर हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तोच होता.

पाचव्या दिवशी दाराची बेल वाजली ती थांबेचना. दारात काका, अंगात लॅबचा कोट तसाच. "डॉक्टरांका विचारून इलंय! किडोच हा गो! आपलो मांजराचो किडो! वायट काय नाय!" एवढं बोलून मटकन खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. मीही रडले. फोनवर डॉक्टरही म्हणाले, घाबरू नका, गाठ हळूहळू जाईल. डोळे पुसून होताहेत तोच काका गरजले, "कोथमीर कितीदा धुतलंस?" देवाशपथ, इतकं गोड ओरडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

गेल्या वर्षी काका निवृत्त होऊन गावी गेले. सईची गाठ आता शोधूनही सापडत नाही. पण त्यांच्या कुलूपबंद दारावरून जाताना ती अजून थांबते, इकडेतिकडे बघते आणि हळूच आ करते.