सोमाभाईंचा ‘हां’

तमाम सुरतकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या शहरात सोमाभाई भोये नावाचा एक गृहस्थ राहून गेला आणि त्याच्यासमोर तोंड मिटून ऐकत बसणे हा गुन्हा होता. हा गुन्हा मी पहिल्याच भेटीत केला.

भेस्तानला माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. शेजारच्या लूमच्या शेडवर दिवसपाळीला नवा वॉचमन आला. पांढऱ्या मिशा, काटकुळं अंग आणि कुणा जाड्या माणसासाठी शिवलेला निळा युनिफॉर्म. दुकानाच्या पायरीशी उभा राहून म्हणाला, “शेठ, माजी खुर्ची मोडली.” आणि थांबला. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तो माझ्याकडे. शेवटी घाबरून मी “हां?” म्हणालो.

“तर पाना पाहिजे.” पुन्हा गप्प.

“हां...”

“पाना दिला तं मी आवळून घेईन.”

एक पाना मिळवायला त्याला माझ्याकडून तीन-चार ‘हां’ लागले. मला वाटलं, माणूस जरा सैल दिसतोय. मी स्वतः जन्मात कुणाच्या परवानगीसाठी थांबलेला नाही. माझी बायको म्हणते, मी झोपेतसुद्धा समोरच्याला बोलू देत नाही.

पुढे ओळख वाढली तेव्हा कारण कळलं. सोमाभाई डांगातले कोकणा आदिवासी. तरुणपणी बारडोलीकडे ऊसतोडीला यायचे, पडावावर, म्हणजे तोडणीवाल्यांच्या तळावर राहायचे. आणि ते थाळीवाले होते. काशाच्या थाळीच्या मधोमध मेणाने एक लांब बारीक काडी उभी चिकटवायची, ती चिमटीत धरून वरून खाली ओढत राहायची. थाळीतून भुंग्यासारखा एकसारखा नाद निघतो. त्या नादावर रात्ररात्र कथा चालते. धान्याची माता कणसरी कुठून आली, माणसावर का रुसली, डोंगर आधी की पाणी आधी, कुठलं कूळ कुठून निघालं, सगळं त्यात. आपण ज्यासाठी ग्रंथालयं बांधतो, ते यांच्या जमातीने दोन माणसांच्या तोंडात ठेवलेलं. दोन का, तर एक सांगणारा आणि दुसरा प्रत्येक ओळीला ‘हां’ म्हणणारा. ‘हां’ आला नाही तर सांगणारा पुढची ओळ सांगतच नाही.

“लिवेल गोष्ट एकटी राहाते, शेठ,” सोमाभाई म्हणायचे. “बोलायची गोष्ट दोघांची आहा.”

त्यांचा ‘हां’ म्हणणारा देवराम नावाचा दोस्त होता. तो पडावावरच तापाने गेला. तेव्हापासून थाळी पिशवीत.

आमच्या गल्लीत ओडिया कामगाराला ओडिया भेटतो. आम्हा खानदेशवाल्यांची तर गोष्टच सोडा, वडापाव घ्यायला गेलो तरी मावसभाऊ निघतो. डांग मात्र सुरतेपासून एका बसच्या अंतरावर, आणि या सगळ्या परमुलखातल्या गर्दीत परका कोण, तर सोमाभाई. दुपारी शेडच्या भिंतीला टेकून, रस्त्याकडे तोंड करून ते नागलीची काळी भाकरी खायचे. येणारे-जाणारे विचारायचे, “काका, भाकरी करपली का?” ते हसायचे. आत लूम खडखडत असायचे. एकदा म्हणाले, “ही यंत्रं दिवसभर हां हां करतात. पण ऐकत नीहीत.”

मग त्यांच्या आयुष्यात एक सत्कार आला. एका सोसायटीच्या हॉलमध्ये आदिवासी संस्कृतीचा कार्यक्रम होता. संयोजकांनी त्यांना पाच मिनिटं दिली, डोक्याला कोंबड्याची पिसं लावली आणि कमरेला बिबट्याच्या ठिपक्यांचं पॉलिस्टर गुंडाळलं. सोमाभाईंनी जन्मात कधी डोक्याला पीस लावलं नव्हतं. तो बिबट्या तर सुरतेतच, एखाद्या छपाईच्या मिलमध्ये जन्मलेला. मी पहिल्या रांगेत बसून खूप हसलो. तेही हसत होते.

थाळी घुमू लागली. सोमाभाईंनी डोळे मिटले, कणसरीला हाक मारली, पहिली ओळ गायली आणि थांबले. हॉलमध्ये कमालीची शांतता. लोक आदराने ऐकत होते हो! सोमाभाई ‘हां’ची वाट बघत राहिले. मला ‘हां’ म्हणायचं सुचेपर्यंत सूत्रसंचालिकेला वाटलं, आजोबा विसरले. तिने टाळ्या सुरू केल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि पुढचा गरबा स्टेजवर आला.

रिक्षात ते पिसं काढून मांडीवर धरून बसले होते. मी गंमत करायला गेलो, “पाच मिनिटांत आटपलं, बरं झालं!”

“आटपलं नीही, शेठ. तिला बोलवली मी. बोलवून तिथंच उभी ठेवली. आथा तिला घरी कोण पोचवल?”

कणसरीला एकदा बोलावलं की कथा शेवटापर्यंत न्यायची, तिला पुन्हा शेतात पोचवायचं, असा त्यांचा रिवाज. ते अर्धवट राहिलं आणि सोमाभाईंचा घास अडला. खरोखरच अडला. डबा उघडायचे, भाकरीला हात लावून पुन्हा झाकण लावायचे.

त्यांचा मुलगा रमेश कतारगामला हिरे घासतो. घरातही गुजरातीच बोलतो, ‘मग’ला ‘पछी’ म्हणतो. कारखान्यात गाव विचारलं तर ‘वलसाड बाजूचा’ सांगतो, डांगचं नाव काढत नाही. तो आला तेव्हा मी त्याला बाबांबद्दल सांगितलं. “काका, यात काय? मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकू.”

“मोबाइल हां म्हणल का?” सोमाभाईंनी विचारलं.

रमेशने हसून विषय बदलला.

शेवटी मीच ‘हां’ म्हणायला उभा राहिलो. शेडला वीज सुट्टी होती, लूम बंद, गल्लीत कधी नव्हे ती शांतता. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ते थाळी घेऊन बसले. माझी कामगिरी अशी: त्यांनी ओळ सांगितली की मी “हां, म्हणजे आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसवतात तसंच!” पुढची ओळ झाली की “हां हां, माझी आजीसुद्धा...” त्यांनी काडी सोडली.

“शेठ, तुमी तं तुमची गोष्ट सांगता.”

दुसऱ्यांदा मी दात आवळून नुसता ‘हां’ म्हणत राहिलो. तेही त्यांना पटलं नाही. “हा उपकाराचा हां आहा. ज्याला पुढचं पाहिजे, त्याचा हां पोटातून येतो.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, मलाच धीर द्यायला, म्हणाले, “राहू द्या. तुमी माणूस चांगलं.”

पावसाळा संपता संपता ते आजारी पडले. रमेशने त्यांना कतारगामच्या खोलीवर नेलं. तिथून ते परत आलेच नाहीत. वारण्याच्या आदल्या रविवारी त्यांचा निरोप आला: “शेठला सांगा, हां म्हणायला या. खोटा चालंल.”

मी गेलो. ते भिंतीला उशी लावून बसले होते, मांडीवर थाळी. रमेश उंबऱ्यात आमच्याकडे पाठ करून मोबाइल बघत होता. सोमाभाईंनी काडीवरून बोटं ओढली. कणसरी आली. घरच्या सुनेने तिच्या टोपलीला पाय लावला. ती रुसून निघाली. एकेका दारात उभी राहिली, कुणी आत घेतलं नाही. प्रत्येक ओळीला मी ‘हां’ म्हणत होतो, खोटा तर खोटा. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की थाळीच मोठी वाटत होती.

“सगळी दारं झाली. ती मुंगीच्या बिळापाशी आली. वाकून आत बघलं...”

ते थांबले. माझी पाळी होती. पण माझी नजर काडीवरून निसटणाऱ्या त्यांच्या बोटांवर गेली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडातून शब्द फुटेना. नाद हळूहळू खाली बसत चालला. सोमाभाई माझ्याकडे बघत होते, मी थाळीकडे. उंबऱ्यात रमेशच्या हातातला मोबाइल केव्हाच काळा झाला होता.

तो गर्रकन वळला आणि ओरडलाच, “पछी? पछी ए क्यां गई, बाबा?”