समुद्रसपाटीचा आकडा

आमची बटालियन औरंगाबादच्या छावणीत आली तेव्हा दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष चालू होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. लाइन्समध्ये टँकर आला की एरवी परेड ग्राउंडवर छाती काढून चालणारे जवान हातात बादल्या घेऊन रांगेत उभे राहायचे. तरीही मला पोस्टिंगचा आनंद झाला होता. मी कन्नडचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच असं ठिकाण मिळालं होतं, जिथून एस.टी.त बसलं की दुपारच्या जेवणाला घरी पोचता यायचं.

कारभारी सोनवणेला माझ्याहून जास्त आनंद झाला. आम्ही एकाच भरतीचे, दोघंही हवालदार. त्याचं गाव खुलताबादच्या खालच्या अंगाला. घरात फक्त आई. तिच्या किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा शहरातल्या दवाखान्यात डायलिसिस करावं लागायचं. आधी तिला कुणी शेजारी आणायचा, कधी जीप मिळायची, कधी चुकायची. आता दर मंगळवारी आणि शनिवारी कारभारी सुट्टी मागून तिला मोटरसायकलवर आणू लागला. म्हातारी, आम्हा सगळ्यांची मावशी, मागे बसून सगळ्या वाटेनं त्याला गाडी कशी चालवायची ते शिकवायची. आम्ही चिडवलं की तो म्हणायचा, "कमांडिंग ऑफिसर मागं बसलाय, मला काय इचारता?"

आम्ही दोघं बटालियनच्या शूटिंग टीममध्ये होतो. मी फायरर. कारभारी तक्तेवाला. हे जरा समजावून सांगतो, कारण सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं की लांबचा नेम म्हणजे एक डोळा मिटायचा आणि ट्रिगर दाबायचा. गोळी जाता जाता खाली पडत असते. आठशे मीटरवर पोचेपर्यंत ती दुमजली घराएवढी खाली आलेली असते. म्हणून रायफलवरची दुर्बीण तेवढे क्लिक, म्हणजे तिच्या चकतीचे खटके, वर चढवून ठेवायची. किती क्लिक, हे हवेवर ठरतं. हवा पातळ असली की गोळी सहज जाते, जड असली की लवकर बसते. छावणीच्या रेंजवर सकाळ, दुपार, थंडी, ऊन असं सगळं बघून कारभारीनं एका पुठ्ठ्यावर तक्ता बनवला होता. तो "बेचाळीस" म्हणाला की मी बेचाळीस लावायचो आणि विचार करायचो नाही.

अडचण एवढीच होती की तो तक्ता छावणीचा होता. आदल्या हिवाळ्यात समुद्रकाठच्या एका रेंजवर आम्ही मॅचला गेलो आणि त्याच तक्त्यावर फायर केलं. सगळ्या लांबच्या गोळ्या खाली. आम्ही शेवटून पहिले आलो. 

टीमचे इन्चार्ज होते कॅप्टन कुरियन. केरळचे, पण पलटणीत मराठी शिकलेले आणि त्या भाषेवर फार प्रेम करणारे. त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर आम्हाला बसवलं आणि सांगितलं, "आता बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर घ्यायचा. मोबाइलवर. किती क्लिक ते तोच सांगेल. तीन सॉफ्टवेअर आणलेत. ट्रायल करू."

मग ते कारभारीकडे वळले. बटालियन जूनमध्ये उत्तरेकडे फील्डमध्ये जाणार होती. शूटिंग टीम पुढच्या मॅचसाठी मागे राहणाऱ्या रिअर पार्टीबरोबर छावणीतच राहणार होती, आणि टीममध्ये माणसं मोजकीच ठेवायची परवानगी होती.

"कारभारी, सॉफ्टवेअर पास झालं तर तक्तेवाल्याची जागा नाही. तू कंपनीबरोबर जाशील. आधीच सांगतो."

"जी साहेब."

कारभारी गेला तर मंगळवार-शनिवारचं काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. कुरियन साहेबांनाही. मी मनात म्हटलं, तिन्ही सॉफ्टवेअरचं वाटोळं होवो.

रेंज शहराबाहेर होती, निदान कागदावर. प्रत्यक्षात शहर तिच्या तारेपर्यंत येऊन टेकलं होतं. वाटेत दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्या, त्यांवर "मुबलक पाणी" असं मोठ्या अक्षरात, आणि पाटीखाली रिकामे ड्रम घेऊन टँकरची वाट बघणाऱ्या बाया. आमचा ट्रक गेला की त्या उठून उभ्या राहायच्या आणि परत खाली बसायच्या.

पहिलं सॉफ्टवेअर नेटवर्क मागायचं. रेंजवर डोंगराच्या आड नेटवर्कचा पत्ता नव्हता, त्यामुळे ते पहिल्याच दिवशी बाद झालं. दुसरं फारसं काही विचारायचं नाही. सकाळी जे उत्तर, तेच भर दुपारी. ते दुपारच्या उन्हात उघडं पडलं. तिसरं मात्र पोलीस ठाण्यात जबाब घेतात तसं एकेक विचारायचं. गोळीचं वजन, तिचा वेग, तापमान, हवेचा दाब, दुर्बिणीची उंची. आज शहरात रायफल क्लबवाली मुलं मला विचारतात की काका, कोणतं ॲप घेऊ. मी सांगतो, जे जास्त प्रश्न विचारतं आणि नेटवर्कशिवाय उत्तर देतं ते घ्या, दिसायला कितीही रूक्ष असो.

पण त्या तिसऱ्याचं घोडं एका ठिकाणी अडलं. तीनशे मीटरवर बरोबर. पाचशेवर जरा वर. आठशेवर पार बिघडलेलं. टार्गेटखालच्या खंदकातली बट पार्टी प्रत्येक गोळीनंतर रेडिओवर तेच सांगायची.

"फायरिंग पॉइंट, बट. हिट वर. वीतभर. ओव्हर."

"बट, फायरिंग पॉइंट. परत बघ. ओव्हर."

"बघितलं. वीतभरच. ओव्हर."

मग कारभारीच्या तक्त्यावर फायर करायचं, आणि गोळी मधोमध. कुरियन साहेबांनी दुर्बीण बदलली, अम्युनिशनचा लॉट बदलला, गोळीचा वेग मशीन लावून मोजला. सगळं बरोबर आणि गोळी वीतभर वर. शेवटी त्यांनी हात टेकले. म्हणाले, "सोमवारी शेवटची ट्रायल. नाही बसलं तर परत तक्ता." मी त्या दिवशी मेसमध्ये दोन चपात्या जास्त खाल्ल्या.

ट्रायलसाठी लागणारं तापमान आणि हवेचा दाब रोज सकाळी हवामान कार्यालयाला फोन करून आणायचं काम कारभारीचं होतं. त्या शनिवारी फोनवर नेहमीचे बाबू नव्हते. दुसऱ्यांनी उलट विचारलं, "दाब कोणता देऊ? इथला, का समुद्रसपाटीला आणलेला?" कारभारीला काही कळेना. तेव्हा त्या भल्या माणसानं समजावलं की नकाशावर सगळी गावं एका मापात यावीत म्हणून उंचावरच्या गावाचा दाब समुद्रसपाटीवर धरून सांगायची पद्धत आहे. त्यांची चूक काहीच नव्हती. आम्हीच रोज "दाब किती" एवढंच विचारत होतो, आणि ते सगळ्यांना सांगतात तोच आकडा आम्हालाही सांगत होते. आपलं गाव उंचावर, इथली हवा पातळ. सॉफ्टवेअरला आम्ही समुद्रकाठची जड हवा सांगत होतो. ते बिचारं जड हवेच्या हिशोबानं जास्त क्लिक द्यायचं, आणि गोळी वर जायची.

आईला डायलिसिसला लावून कारभारी मला शोधत कँटीनमध्ये आला आणि हे सगळं सांगितलं. दोन्ही आकडे त्यानं तळहातावर लिहून आणले होते.

मी विचारलं, "अजून कुणाला सांगितलंस?"

"नाय."

"मग सांगू बी नको. सोमवार जाऊ दे."

"अन् मॅचला गेल्यावर? माझा तक्ता तिकडं चालत नाय, आप्पा. तू बघितलंय."

"मॅचचं मॅचला बघू. हरलो तर हरलो. मावशीला कोण आणणार?"

तो चहा तसाच टाकून उठला. मी त्याला तेव्हा जे सांगितलं त्याची मला आजही लाज वाटत नाही. आज तो समोर बसला तर परत तेच सांगेन.

सोमवारी रेंजवर पोचताच तो कुरियन साहेबांसमोर सावधान उभा राहिला.

"साहेब, दाब चुकीचा घालतोय आपण. हा घाला."

साहेबांनी ऐकून घेतलं. आकडा बदलला. मोबाइलकडे बघून मला म्हणाले, "आप्पासाहेब, सहा क्लिक खाली." मी सहा क्लिक उतरवले. एका गोळीवर समाधान नको म्हणून पाच मारल्या.

"फायरिंग पॉइंट, बट. पाचही मधोमध. ओव्हर."

एरवी अशा वेळी कुणीतरी टाळी तरी वाजवतं. कुरियन साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला आणि कारभारीच्या खांद्यावर हात ठेवला. नंतर मला कळलं की त्याला टीममध्ये ठेवावं म्हणून त्यांनी वर दोनदा लिहिलं होतं. मंजुरी आली नाही.

जूनमध्ये बटालियन गेली. स्टेशनवर कारभारीनं मला गाडीची चावी दिली आणि म्हणाला, "ब्रेक हळू मार. ती ओरडती." मंगळवार-शनिवार माझ्याकडे आले. मी रेंजवर असलो तर टीममधलं कुणीतरी जायचं. म्हातारी आम्हा सगळ्यांना सारखीच शिव्या घालायची. डॉक्टरांनी तिला दिवसाला दोन-तीन ग्लास पाणीच ठरवून दिलं होतं. ती म्हणायची, "गावचा टँकर आठ दिसांनी तरी येतो. माझा डाक्टरनं कायमचाच बंद केला." आणि स्वतःच हसायची.

हिवाळ्यात मॅच झाली, त्याच समुद्रकाठच्या रेंजवर. आम्ही तिथला दाब घातला, पहिली गोळी आठशेवर मी मारली आणि ती मधोमध बसली. टीम दुसरी आली. मी कारभारीला फोन लावला. लाइन सारखी तुटत होती. त्यानं नंबर कितवा आला ते विचारलंच नाही.

"पैली गोळी कुठं बसली?"

"मधोमध."

"मग झालं," तो म्हणाला.

होळीनंतरचा एक शनिवार. मावशी मशीनला लागली होती आणि मी बाजूच्या स्टुलावर बसलो होतो. रिअर पार्टीच्या सुभेदार साहेबांचा फोन आला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला. रेशन घेऊन पुढच्या चौकीकडे निघालेल्या पार्टीवर फायर आला. हवालदार कारभारी सोनवणे जागेवरच गेला. सुभेदार साहेब म्हणाले, "आईला तूच सांग. आम्ही निघालोय."

मशीन सुटायला अजून तीन तास होते. सिस्टरला विचारलं, तर ती म्हणाली, आता सांगू नका, बी.पी. पडेल. मी परत स्टुलावर जाऊन बसलो. माझ्या नोकरीत मी बऱ्याच अवघड ठिकाणी बसलो आहे, पण त्या स्टुलासारखं दुसरं ठिकाण मला आठवत नाही. मावशी गावातल्या लग्नाचं सांगत होती. उद्या रविवार, कारभारीचा फोन येईल, त्याला आहेर किती करायचा ते विचारायचंय, म्हणाली. मी "व्हय, व्हय" करत राहिलो.

मशीन सुटल्यावर मी तिला हाताला धरून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं. शब्द कोणते वापरले ते आता आठवत नाहीत. ती ओरडली नाही. माझं मनगट धरून बसून राहिली. मग मीच बोललो, कारण मला ते पोटात ठेवणं शक्य नव्हतं.

"मावशी, मी त्याला गप्प बस म्हणालो होतो. तो दाबाचा आकडा कळला तेव्हा. त्यानं ऐकलं नाही."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "त्याच दिशी सांजच्याला चुलीपाशी बसून त्यानं मला इचारलं. आई, एक आकडा म्हाईत झालाय. सांगितला तर जावं लागंल, गप बसलो तर हितंच ऱ्हाईन. काय करू? मी म्हणलं, गप बसलास तर कुणाचं वाईट व्हतंय का? तर म्हणला, आप्पाची गोळी चुकंल."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मग मीच म्हणलं, सांग."