खाटेखालची कुत्री

काल भिजलेल्या गोणपाटाचा वास आला आणि मी सत्त्याण्णव सालच्या सुरतेतल्या, बमरोलीच्या आमच्या खोलीत पोचलो. कापड कारखान्यातल्या खडखडणाऱ्या लूममध्ये एका हाताची दोन बोटं गेल्यापासून मी घरी बसून सगळ्यांवर खेकसत असे. बायकोने रस्त्यावर मार खाल्लेली एक कुत्री आणली होती. सतरा दिवस आम्ही जागे असताना ती खाटेखालच्या गोणपाटावरून हलली नव्हती.

"खा ना! कोण मारतंय तुला?" भाकरी पुढे करून मी ओरडलो. ती आणखी मागे सरकली.

"अहो, हाई घर शे, कारखाना नही," बायको म्हणाली. "धीमे बोला."

मी चिडूनच, पण हळू आवाजात तेच पुन्हा म्हटलं. कुत्रीने मान पुढे काढून माझ्या उरलेल्या तीन बोटांतली भाकरी घेतली. तेवढ्यात दाराशी बसलेली माझी नऊ वर्षांची मुलगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली.

कुत्री का घाबरते, हे मी सतरा दिवस विचारत होतो. मुलगी चार हात लांब का बसते, हे एकदाही विचारलं नव्हतं.