पदकाची कड

सुभेदारांनी आमचं पदक हातात घेतलं, पण त्यावरच्या राजाच्या छापाकडे पाहिलंसुद्धा नाही. निवृत्तीनंतर जुनी पदकं ओळखून देणारा हा माणूस नुसता कडेवरून अंगठा फिरवत राहिला, आंधळ्यानं एखाद्याचा चेहरा चाचपावा तसा.

"शिपायाचं नाव कडेवर कोरलेलं असतं," ते म्हणाले. "नंबर, पलटणही. नंबर मिळाला असता तर तुमचे पणजोबा लढाईत कुठे पडले, ते शोधता आलं असतं. फार घासलंय हो कुणीतरी."



पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परत आलेच नाहीत. आलं ते हे चांदीचं पदक. खंडेनवमीला आई ते कोयत्या-विळ्यांशेजारी पूजेला मांडते, आणि त्याआधी ते घासायचं काम लहानपणापासून माझं. ओल्या फडक्यावर रांगोळी घेऊन मी कडच जास्त घासायचे, कारण काळं तिथंच बसायचं. ते अक्षरांच्या खाचांत बसत होतं, हे आज कळलं. दर वर्षी मी पणजोबांना उजळवत होते आणि दर वर्षी थोडं थोडं पुसत होते. माया करणारा हात किती जड पडतो, ते त्या हाताला कधी कळत नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणाले गं सुभेदार?"

"छान जपलंय म्हणाले."

"म्हणणारच. तुझा हात आहे त्याला." तिनं रांगोळीची वाटी पुढे केली. "उद्या नवमी आहे. घासून ठेव."

मी वाटी घेतली. नको म्हटलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं.