तिब्लांची शिंक

"डिस्ट्रॉय," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "ससाच तर आहे. पाच मिनिटांचं काम."

कागद म्हणजे तक्रार होती. पितों गावच्या रोलांने लिहून दिलेली. खाली ससा मारून टाकायचा साहेबांचा आदेश. रोलां खाण्यासाठी ससे पाळायचा. चौदांपैकी दोन मेले होते. शेजारच्या बाईचा ससा बारा महिने शिंकतो, त्याच्यामुळे माझे मरतात, असं त्याचं म्हणणं. ती शेजारची बाई म्हणजे गंगूकाकी. आणि त्या शिंकणाऱ्या सशाला दीड वर्ष औषध देणारा माणूस मी.

साठ सालानंतरची ही गोष्ट. मी तेव्हा आमच्या बेटावर मोका गावाजवळच्या सरकारी गुरांच्या दवाखान्यात व्हेटरिनरी असिस्टंट होतो. आमचं काम गाई-बकऱ्यांचं. ससा घेऊन कोणी येत नसे. ससा आजारी पडायच्या आत लोक त्याचा रस्सा करत.

गंगूकाकींचा ससाही त्यासाठीच आणलेला. त्यांच्या नवऱ्याने नवीन वर्षाच्या जेवणाला म्हणून तो आणला आणि वर्ष संपायच्या आत नवराच गेला. मग कुठलं जेवण आणि कुठलं काय. ससा राहिला. पांढरा, म्हणून त्याचं नाव तिब्लां, म्हणजे क्रेओलमध्ये 'छोटा पांढरा'. काकी वाकवाच्या, म्हणजे केवड्यासारख्या झाडाच्या, लांब पातींच्या पिशव्या विणायच्या आणि हा पायाशी बसून पातींची टोकं कुरतडायचा. घरात दोघंच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकी म्हणाल्या, "दोकतेर, ह्याला ग्रिप झालाय. आल्याचा रस दिला, पन जात नाय."

मी तिब्लांचे पुढचे पाय पाहिले. आतल्या बाजूचे केस चिकटून राठ झाले होते. सशाची सर्दी पुढच्या पायांवर बघायची असते, कारण तो नाक पायांनी पुसतो. नाकातून पांढरा घट्ट स्राव, एका डोळ्याला पाणी. इंग्रजी पुस्तकांत याला स्नफल्स म्हणतात. पाश्चरेला नावाच्या जंतूमुळे होतो. हा जंतू नाकाच्या मागच्या पोकळ्यांत असा दडून बसतो, की औषध संपलं की पुन्हा बाहेर येतो.

सुरुवातीला मी सल्फाची पूड पाण्यातून दिली. शिंका थांबल्या, तीन आठवड्यांनी परत आल्या. मग माझ्या हातून मोठी चूक झाली. पेनिसिलीनच्या गोळ्या कुटून तोंडाने द्यायला सांगितल्या. गाईगुरांची सवय. सशाच्या पोटात चारा पचवणारे चांगले जंतू असतात, तेही पेनिसिलीनने मरतात, हे मला ठाऊक नव्हतं. तिब्लांला हगवण लागली. त्याने खाणं सोडलं. मी धावत गेलो तेव्हा काकी त्याला मांडीवर घेऊन चमच्याने पातळ पेज भरवत होत्या. दोन दिवस त्या तशाच बसून होत्या.

"काकी, चूक माझी झाली," मी म्हणालो.

"झाली तर झाली. आता काय करू ते सांग."

ससा वाचला. तो त्यांच्या चमच्याने वाचला, माझ्या औषधाने नाही. त्यानंतर मी फक्त इंजेक्शन देऊ लागलो, पेनिसिलीन आणि स्ट्रेप्टोमायसिन मिळून. एकदा जबड्याखाली गळू झालं तेही फोडलं. सशाचा पू वाहत नाही, चक्क्यासारखा घट्ट असतो, तो खरवडून काढावा लागतो. तरी दर थोड्या महिन्यांनी सर्दी परत. फाइलवर मीच लिहून ठेवलं होतं, 'क्रॉनिक. पूर्ण बरा होणार नाही.' साहेबांनी नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"तूच लिहिलंयस. मग ठेवायचा कशाला?"

मी तक्रार पुन्हा वाचली. एक गोष्ट मला खटकली. "सर, रोलांचे ससे शिंकून मेले असं यात कुठेच नाही. पोट फुगलं, हगवण झाली, एवढंच लिहिलंय."

साहेबांनी चष्मा काढला. "मग?"

"मला बघू द्या. पुढच्या बुधवारपर्यंत."

"बुधवारपर्यंत. त्यानंतर मी दुसऱ्या कोणाला तरी पाठवीन."

दुसऱ्या दिवशी मी पितोंला गेलो. आधी रोलांकडे. तो रागात होता, पण माणूस सरळ. आदल्याच दिवशी त्याचा तिसरा ससा मेला होता आणि त्याने तो पुरायच्या आत मी पोचलो. अंगणातच फळीवर ठेवून मी तो उघडला. रोलां वाकून बघत होता.

पाश्चरेलाने मेला असता तर बहुधा फुप्फुसं खराब दिसली असती. फुप्फुसं स्वच्छ गुलाबी होती. यकृतावर मात्र पांढरे ठिपके, साबुदाण्याएवढे. ते बघून मला, खरं सांगतो, आनंद झाला. मेलेल्या सशासमोर आनंद होणं बरं दिसत नाही, पण आमच्या धंद्यात होतो.

"सेता मेम मालादी?" रोलांने विचारलं. हाच तो आजार का?

"नाही, मिस्ये रोलां. हा कॉक्सिडिया. लेंड्यांतून पसरतो. तुमचे ससे जमिनीवर ओल्यात बसतात, तिथलंच खातात."

त्याला खात्री पटेना. मग मी त्याच्या सहा धडधाकट सशांच्या नाकांत कापसाची बारीक काडी फिरवली आणि काड्या दवाखान्यात नेल्या. रक्त मिसळलेल्या खळीवर त्या घासून काचेच्या बशीत उबेला ठेवल्या. जंतू असला की त्याचे बारीक ठिपके उगवतात. सहांपैकी चार बशांत पाश्चरेला उगवला. म्हणजे ज्या जंतूसाठी तिब्लांला मारायचं, तो रोलांच्या न शिंकणाऱ्या सशांच्या नाकातही सुखाने राहत होता. त्याचा त्यांना त्रास नव्हता, एवढंच.

आता मला वेगळाच प्रश्न छळू लागला. जंतू सगळ्यांकडे, मग शिंकतो तिब्लांच का?

मी पुन्हा काकींकडे गेलो. "काकी, सर्दी कधी वाढते? नीट आठवून सांगा."

काकींना आठवावं लागलं नाही. "कूप सुरू झाली की. ऊस तोडायला लागले की ह्याचं नाक सुरू. कूप संपली की कमी."

मला वाटलं, कारखान्याचा धूर असेल. तसं असेल तर इलाज नव्हता, कारखाना काही हलवता येत नाही. मी पेन खिशात ठेवून निघालोच होतो. तेवढ्यात काकींनी कोपऱ्यातलं पोतं उचललं आणि तिब्लांच्या पेटीत उलटं केलं. आत बगास होता, ऊस पिळून उरलेला कोरडा भुसा. त्यांचा भाऊ कारखान्यात होता, कूपच्या दिवसांत तो आणून द्यायचा. पिवळी धूळ उडाली. तिब्लां शिंकला. मग मी शिंकलो, चारदा.

"हे कधीपासून घालता?"

"कूपमध्येच. एरवी वाळलं गवत."

मी गुडघ्यांवर बसून पेटीत डोकं घातलं. तळाला मुताचा असा उग्र वास, की डोळ्यांत पाणी आलं. बगास ओल शोषतो, वरून कोरडा दिसतो, म्हणून काकी तळ फारसा उपसत नव्हत्या. वरून धूळ, खालून वास. ज्या नाकात आधीच जंतू, ते नाक दुसरं काय करणार?

काकींचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच केलं?"

"तुम्ही नाही, काकी. दीड वर्ष मी इथे येतोय. पेटीत मी एकदाही डोकावलो नाही."

पेटीला बाजूंनी जाळी लावली. बगास बंद, गवत रोज बदलायचं. बुधवारी मी बशा आणि रोलांच्या सशाचं बाटलीत घालून आणलेलं यकृत साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ निरखलं.

"रोलांच्या सशांना सल्फा दे," ते म्हणाले. "आणि ही बाटली इथून उचल. माझी चहाची वेळ आहे."

आदेशाचा कागद त्यांनी स्वतःच फाडला. सॉरी वगैरे म्हणायची त्यांची पद्धत नव्हती.

रोलांने सशांसाठी जमिनीपासून उंच खुराडी बांधली. मरणं थांबली. तो काकींकडे जाऊन काय बोलला ते मला माहीत नाही, पण नंतर तिब्लांसाठी गवत तोच कापून आणायचा.

तिब्लां बरा झाला नाही. पुढची चार वर्षं तो अधूनमधून शिंकत राहिला, वर्षातून एखादं इंजेक्शन घेत राहिला, पाती कुरतडत राहिला. मग म्हातारा होऊन एका दुपारी झोपेतच गेला. काकींनी निरोप पाठवला म्हणून मी गेलो. करण्यासारखं काही नव्हतं. चहा घेतला आणि परत आलो.

नोकरीत पुढे मी शेकडो जनावरं तपासली. नव्या असिस्टंटांना मी एवढंच सांगत आलो, की जनावराला हात लावायच्या आधी त्याचं अंथरूण हुंगा. बरेचजण नाक मुरडायचे. जे हुंगायचे, त्यांची औषधं कमी खपायची.